गावाला विचारले होते काय?

जुन्या घरांत मुलीचे लग्न ठरवताना सुपारी फुटल्यावर तिला विचारण्याची पद्धत होती. ‘तुझे काही म्हणणे आहे का?’ असे वडील विचारीत आणि मुलगी पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरीत उभी राही. तेवढ्यावरून तिची संमती गृहीत धरली जाई. माझी आजी हा प्रसंग सांगून शेवटी म्हणायची, “विचारलं हो, पण नाही म्हटलं असतं तर काय केलं असतं, ते कुणी सांगितलं नाही.”

आजीचे हे वाक्य अनेक वर्षांनी आठवले ते वेल्समधील एका बुडालेल्या खेड्याची हकीकत वाचताना. उत्तर वेल्समध्ये बाला नावाचे एक छोटे शहर आहे. त्याच्या जवळ त्रवेरिन नदीच्या खोऱ्यात कापेल केलिन ही वस्ती होती. एक चॅपेल, त्याला लागून दफनभूमी, एक शाळा, टपाल कचेरी आणि आसपास विखुरलेली शेतघरे. सगळी मिळून ६७ माणसे. त्यांचा सारा व्यवहार वेल्श भाषेत चाले. बालाभोवतालचा तो मुलूख वेल्श काव्यासाठी आणि गायनासाठी नावाजलेला. तेव्हा या ६७ जणांत पाठांतराला आणि गाण्याला कमतरता नसणार हे उघड आहे.

१९५५ च्या अखेरीस लिव्हरपूल महापालिकेने या खोऱ्यात धरण बांधण्याचे ठरविले. गावकऱ्यांना ते वर्तमानपत्रातून कळले. रीतसर मार्गाने जायचे तर वेल्समधील स्थानिक नियोजन संस्थांची परवानगी घ्यावी लागली असती. ती घ्यावी लागू नये म्हणून महापालिकेने थेट लंडनच्या पार्लमेंटात खासगी विधेयक नेले. नोव्हेंबर १९५६ मध्ये ग्विनफोर एव्हान्स हे वेल्श पुढारी लिव्हरपूलच्या नगरसभेत गावाची बाजू मांडण्यास उभे राहिले, तेव्हा सभासदांनी गोंगाट करून त्यांना बोलू दिले नाही. त्याच महिन्यात गावकरी आपल्या पोरांसह लिव्हरपूलला गेले आणि फलक घेऊन तेथील रस्त्यांतून चालले. ज्या शहराला त्यांची नावेही ठाऊक नव्हती त्या शहरातून ही मूठभर माणसे कशी चालली असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

१९५७ साली विधेयक मंजूर झाले. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी ३५ जण त्याच्या विरोधात होते आणि उरलेल्याने मतच दिले नाही. म्हणजे एका अख्ख्या राष्ट्राने ‘नाही’ म्हटले होते. परंतु पार्लमेंटातील बहुमत इंग्लंडचे, आणि बहुमताचा नियम तर सर्वमान्य. १९६३ साली शाळा बंद झाली. १९६५ साली खोरे पाण्याखाली गेले. ६७ पैकी ४८ जणांची घरे गेली. दफनभूमीतील काही मृतांना नातलगांच्या इच्छेनुसार दुसरीकडे हलवण्यात आले. बाकीच्यांवर काँक्रीट ओतण्यात आले. २१ ऑक्टोबर १९६५ रोजी उद्घाटनाचा समारंभ झाला, तो निदर्शकांच्या आरडाओरड्यात काही मिनिटांतच आटोपावा लागला. त्यानंतर नऊ महिन्यांनी, जुलै १९६६ मध्ये, तेच ग्विनफोर एव्हान्स त्यांच्या पक्षाचे पहिले खासदार म्हणून निवडून आले. लिव्हरपूल महापालिकेने २००५ साली दिलगिरी व्यक्त केली. तोवर चाळीस वर्षे लोटली होती.

एवढे ऐकून लिव्हरपूलला दुष्ट ठरविणे सोपे आहे. मला ते पटत नाही. युद्धातील बाँबफेकीने भाजलेले, दाटीवाटीच्या चाळींतून कामगार कोंबलेले, साडेसात लाखांच्या घरातले ते शहर होते. त्याच्या घरांना पाणी हवे होते, कारखान्यांनाही हवे होते. एका पारड्यात ६७ आणि दुसऱ्यात साडेसात लाख ठेवले तर तराजू कोणीकडे झुकणार हे शाळकरी पोरही सांगेल. पुष्कळांच्या हितासाठी थोडक्यांनी झीज सोसावी, हे तत्त्व आपणही मुलांना शिकवतो. मग चुकले कोठे?

माझ्या मते चुकले ते तराजूत नव्हे. तराजू लावण्याआधीच निकाल ठरला होता, तेथे. पाण्याची गरज खरी होती, पण ते पाणी याच खोऱ्यातून हवे, हे लिव्हरपूलने एकट्याने ठरविले. गावाला जे सांगण्यात आले ते सुपारी फुटल्यानंतर. ‘नाही’ या उत्तराला जेथे काही परिणामच नाही, तेथे विचारणे हा केवळ शिष्टाचार उरतो. कोणी म्हणेल, निकाल तोच लागणार असेल तर विचारले काय आणि न विचारले काय? पण ज्याला खरोखर विचारले जाते तो नुकसान सोसतानाही देणारा असतो. ज्याला विचारले जात नाही त्याच्याकडून नुसते काढून घेतले जाते. पाणी तेवढेच, जमीन तेवढीच, आणि तरीही या दोन गोष्टी एक नव्हेत.

या कथेतील एक धागा तुम्हा-आम्हाला अधिक जवळचा आहे. लिव्हरपूलमध्ये त्या काळी वेल्श कुटुंबे हजारोंनी होती. पिढ्यान्पिढ्या वसलेली, शहराची घरे बांधण्यात ज्यांचा मोठा वाटा होता अशी. त्यांची स्वतःची चॅपेले होती, मंडळे होती, वेल्श राष्ट्रीय काव्यसंमेलन लिव्हरपुरात १८८४, १९०० आणि १९२९ साली भरले होते. परमुलखात राहून मातृभाषेचा दिवा तेवत ठेवणारी ही माणसे, आपल्यासारखीच. त्यांच्यापैकी काहींनी धरणाला विरोध केला. पण त्यांच्याही घरच्या नळाला वेल्श खोऱ्यांतलेच पाणी येत होते. कारण लिव्हरपूलने १८८० च्या दशकात ल्लानउदिन हे गाव बुडवून जलाशय बांधला होता. रविवारी चॅपेलमध्ये जिची थोरवी गायची तीच भाषा बोलणारे एक गाव बुडवून आलेले ते पाणी.

हे लिहिताना मी इंदुरात बसलो आहे. १९७८ साली आमच्या शहरात नर्मदेचे पाणी आले तेव्हा काय आनंद झाला होता! त्याच नर्मदेवर इंदिरा सागर धरण झाले आणि २००४ च्या जून-जुलैत हरसूद हे जुने गाव रिकामे करण्यात आले. लोक आपल्याच हातांनी आपली घरे पाडीत होते, विटा आणि चौकटी गाड्यांत भरून नेत होते. इंदूरपासून ते फार दूर नाही. त्या आठवड्यातही आमच्या मंडळाचे पावसाळी व्याख्यान ठरल्याप्रमाणे झाले, चहापान झाले, आभारप्रदर्शन झाले. विषय काय होता तो आता आठवत नाही. हरसूद नव्हता एवढे नक्की.

पुन्हा वेल्सकडे वळतो. कापेल केलिनच्या आधी लिव्हरपूलची नजर दोलानोग या दुसऱ्या खेड्यावर गेली होती. तेथे वेल्श लोकांच्या भावना फार तीव्र होत्या, कारण अॅन ग्रिफिथ्स (१७७६–१८०५) ही भक्तिगीते रचणारी शेतकरी स्त्री तिथली. ती अकाली गेली. तिची गीते वाचली ती रूथ नावाच्या मोलकरणीच्या स्मरणात. ती बाई निरक्षर, पण गीते तिला तोंडपाठ, आणि तिच्या तोंडून ऐकून ती उतरवून घेण्यात आली. इंद्रायणीत बुडालेली गाथा लोकांच्या मुखात तरली, ही कथा ज्यांच्या घरी लहानपणापासून ऐकली गेली त्यांना यात नवल वाटणार नाही. दोलानोग वाचले याचा आनंदच आहे. मात्र मनात येते: ज्या गावात संतकवयित्री जन्मली नाही, ज्यात नुसती शेते नांगरणारी आणि मेंढ्या राखणारी माणसे राहिली, त्या गावाचा ‘नाही’ हलका का ठरावा?

साध्या गावाचा ‘नाही’ टिकू शकतो याचे उदाहरण वेल्समध्येच आहे. (त्या गावाच्या नावातला पहिला उच्चार जीभ दातांमागे टेकवून कडेने हवा सोडून करतात. आपल्या लिपीत त्याला अक्षर नाही, म्हणून मी ‘ल्ल’ लिहितो. वेल्श वाचकाने क्षमा करावी.) दक्षिणेकडील ल्लांगिन्दाइर्न या गावाचे खोरे स्वान्सी शहराला पाण्यासाठी हवे होते. १९६० साली ही योजना कळताच गावाने संरक्षण समिती नेमली, रेव्हरंड डब्ल्यू. एम. रीस तिचे चिटणीस होते. १९६३ च्या शरदात मोजणीदार आले तेव्हा शेतांची फाटके साखळदंडांनी बांधलेली होती, आड ट्रॅक्टर उभे होते, आणि इशाऱ्यासाठी चर्चची घंटा वाजविण्याची व्यवस्था होती. दोन वर्षांत स्वान्सीने योजना सोडली.

या लढ्याचे वर्णन करताना लोक साखळदंडांपाशी थांबतात. मला त्यातले दुसरे अंग अधिक मोलाचे वाटते. स्वान्सीला पाणी लागते हे गावाने नाकारले नाही. तवी नदीच्या वरच्या, जवळजवळ निर्मनुष्य खोऱ्यात धरण होऊ शकते हे पटवून देण्यासाठी त्याने खटपट केली, आणि पुढे तेथेच ल्लिन ब्रिआन हा जलाशय झाला. दुसऱ्याची तहान आपली समजून म्हटलेला तो ‘नाही’ होता. असा ‘नाही’ नेहमी यशस्वी होतो असे मात्र नाही. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. मुंबईला वीज मिळाली आणि मावळातली गावे पाण्याखाली गेली.

येथवर प्रश्न तसा सरळ आहे. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला शहर. खरी गुंतागुंत पुढे आहे.

वेल्समध्ये खेड्याच्या कारभाराची सर्वांत धाकटी संस्था म्हणजे ‘कम्युनिटी कौन्सिल’. १९७४ साली जुन्या पॅरिश कौन्सिलांच्या जागी ही कौन्सिले आली आणि आज त्यांची संख्या सातशेच्या वर आहे. रस्त्याकडेची बाके, पायवाटा, दफनभूमीची निगा, खेळाचे मैदान, असली त्यांची कामे. खर्चासाठी घरपट्टीवर अल्पसा अधिभार. गावात कोणी बांधकामाची परवानगी मागितली की त्यांच्याकडे अभिप्राय मागितला जातो. निर्णय मात्र वरच्या कौन्सिलात होतो. ‘अभिप्राय’ हा शब्द मोठा सभ्य आहे. आमच्या आजीलाही अभिप्रायच विचारला होता.

परंतु १९७० च्या दशकारंभी ल्लीन द्वीपकल्पातल्या ल्लानएल्हाएर्न या गावाने अभिप्रायापलीकडे पाऊल टाकले. दगडखाणींचा धंदा बसत चाललेला, तरुण बाहेर जात होते, आणि पटसंख्या घटली म्हणून शाळा बंद करण्याचा विचार चालू होता. गावाने शाळा वाचविली आणि एवढ्यावर न थांबता १९७४ साली ‘आन्तुर एल्हाएर्न’ ही गावकऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था काढली. अशा स्वरूपाची ती ब्रिटनमधील पहिली मानली जाते. यात पुढाकार होता डॉ. कार्ल क्लोज यांचा. हे डॉक्टर वाढले मँचेस्टरला. वेल्श भाषा त्यांनी प्रयत्नाने आत्मसात केली आणि १९७० साली ते या गावात दवाखाना चालवायला आले. जवळच नान्त ग्वरथेइर्न हे खाणकामगारांचे ओसाड पडलेले खेडे होते. क्लोज यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या न्यासाने १९७८ साली ते २५ हजार पौंडांना विकत घेतले आणि तेथे वेल्श शिकविणारे केंद्र उभे केले. १९८२ पासून आजवर तेथे हजारो माणसे भाषा शिकून गेली. शेजारच्या ल्लिथवाएन गावातील खानावळवजा मद्यगृह बंद पडले, तेव्हा १९८८ साली गावकऱ्यांनी तेही सहकारी तत्त्वावर चालवायला घेतले.

आणि तरीही ज्या शाळेपासून हे सारे सुरू झाले ती ल्लानएल्हाएर्नची शाळा २०२० साली, बोटांवर मोजण्याइतकी मुले उरल्याने, बंद झाली. किनाऱ्यावरील अबरसोख गावची शाळा डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाली. अबरसोखला कोणी धरण बांधले नव्हते. तेथे घरे विकली गेली होती. समुद्रकाठचे टुमदार गाव. शहरातील धनिकांना सुट्टीसाठी घर हवे. स्थानिक तरुणाला परवडणार नाही अशी किंमत ते सहज मोजतात. उन्हाळ्यात गाव फुलते, हिवाळ्यात अर्ध्याअधिक खिडक्या अंधाऱ्या.

आता विकणाऱ्याला दोष कसा द्यावा? म्हातारपणी औषधपाण्याची सोय पाहणाऱ्या विधवेने दुप्पट किंमत देणाऱ्याला नकार द्यावा, आणि कोणासाठी? कापेल केलिनला एकानेही ‘हो’ म्हटले नव्हते. येथे एकेकाने राजीखुशीने ‘हो’ म्हटले, प्रत्येक खरेदीखत चोख, आणि सगळ्या ‘हो’ची बेरीज मात्र अशी झाली की गावच उरले नाही. व्यक्तीची संमती आणि गावाची संमती यांत अंतर आहे, ते धरणाच्या कथेत झाकलेले राहते. येथे ते उघडे पडते. ग्विनेद परगण्याच्या कौन्सिलने एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या घरांवरील करात १५० टक्क्यांचा अधिभार लावला. सप्टेंबर २०२४ मध्ये राहत्या घराचे सुट्टीघर करण्यासाठी परवानगी सक्तीची करण्यात आली. त्यावरून प्रकरण न्यायालयातही गेले. माझा कौल अशा नियमांच्या बाजूने आहे. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे १७.८ टक्केच उरले. भाषा दुकानात, शाळेत, शेजारणीच्या ओट्यावर जगते. सुट्टीच्या घरात ती कोणाशी बोलणार?

पण हा कौल देताना माझी जीभ थोडी अडखळते. आपण स्वतः कोण? आपले पूर्वज होळकरांबरोबर, शिंद्यांबरोबर, गायकवाडांबरोबर परमुलखात उतरले. माळव्यातल्या कोणत्या गावाला तेव्हा विचारले होते? त्या काळी माळव्याच्या गावांनी आमच्यावर असा अधिभार लावला असता तर मी आज येथे बसून हा निबंध लिहिला नसता. तेव्हा बाहेरून येणे हाच दोष असे मला म्हणता येणार नाही. डॉक्टरही बाहेरूनच आले होते. फरक इतकाच की त्यांनी गावाची कामे अंगावर घेतली. आपल्याकडे कोण आपला आणि कोण परका हे ओळखायची जुनी खूण आहे: तिरडीला खांदा द्यायला कोण येतो? सुट्टीच्या घराचा मालक जानेवारीतल्या अंत्ययात्रेला गावात नसतो.

ही कसोटी मला बराच काळ समाधानकारक वाटत होती. मग तिच्यातील भोक दिसले. आपल्या गावगाड्यात सर्वांत कष्टाची, सर्वांत नकोशी कामे ज्यांनी पिढ्यान्पिढ्या अंगावर घेतली, त्यांनाच आपण वेशीबाहेर ठेवले. गावाचे मत घ्यायचे तर त्यांचे कोणी घेतले? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी गाव हा घटक न मानता व्यक्तीला घटक मानले त्याचे समर्थन केले आणि खेड्याविषयी कठोर शब्द वापरले. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना ते झोंबले होते. वेल्श चॅपेलही काही अमृताचे कुंड नव्हते. जुन्या काळी लग्नाआधी गरोदर राहिलेल्या मुलीला मंडळींतून काढून टाकण्याची तेथे रीत होती. तिला कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

म्हणजे जे गाव शहराला सांगते की ‘आम्हाला विचारल्याशिवाय काही करू नका’, त्याने आपल्या आतही तेच करायला हवे, आणि आतल्या ‘नाही’ला तेवढेच वजन द्यायला हवे. हे अवघड आहे. बाहेरच्या महापालिकेविरुद्ध फाटकाला साखळदंड बांधायला सारे गाव एका रात्रीत गोळा होते. आपलेच फाटक उघडायला मात्र सभेची तारीख ठरत नाही.

माझ्याच माहितीतल्या एका मराठी मंडळाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. शंभर वर्षांवर जुने मंडळ, ग्रंथालय मोठे, सभासद म्हातारे. मंडळाच्या घटनेत सभासदत्व ‘मराठी कुटुंबातील व्यक्तीस’ असे लिहिले आहे. गेली सहा वर्षे माळवी बोलणाऱ्या शेजारच्या घरातली एक तरुण स्त्री तेथे येते. ती मराठी वाचायला स्वतः शिकली. उन्हाळ्यात पुस्तकांना वाळवी लागली तेव्हा कपाटे रिकामी करून, औषध मारून, पुस्तके पुन्हा क्रमाने लावली तिनेच. आमच्या घरांतली मुले तेव्हा पुण्या-बंगळुरात होती. तिने सभासदत्वाचा अर्ज केला आहे. कार्यकारिणीने त्यावर ज्येष्ठ सभासदांचा अभिप्राय मागवला. तसा माझ्याकडेही कागद आला. मी लिहिले की अभिप्राय देण्यापूर्वी तिला सभेला बोलवावे आणि तिचे म्हणणे ऐकावे. परवा चिटणिसांचे उत्तर आले. सभासद नसलेल्या व्यक्तीस सभेत बोलू देण्याची घटनेत तरतूद नाही, असे त्यांनी कळविले आहे.